जेकिल का अडले?

समजा, तुमच्या शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक आहे. जून महिन्यापासून मुले रोज सकाळी साडेआठ वाजता पावसाची नोंद घेतात. अशा पाच वर्षांच्या वह्या कपाटात पडून आहेत. या नोंदी गावातल्या शेतकऱ्यांनाही पाहता याव्यात, म्हणून त्यांचे एक लहानसे संकेतस्थळ करावे असे ठरते. 'जेकिल' नावाची विनामूल्य आज्ञावली यासाठी चांगली आहे, असे कोणीतरी सुचवते. दोन-तीन आज्ञा टंकायच्या, की काम झाले! तुम्ही पहिली आज्ञा देता. पडद्यावर ओळींमागून ओळी धावू लागतात आणि मग एकाएकी एक लांबलचक तक्रार उमटते व सारे थांबते. त्या तक्रारीत पावसाचे नाव नसते, बहुधा जेकिलचेही नसते. 'एफएफआय', 'इव्हेंटमशीन', 'वेबरिक' अशी कधी न ऐकलेली नावे मात्र असतात.

येथे बहुतेक जण दोहोंपैकी एक गोष्ट करतात. काही जण तीच आज्ञा पुन्हा पुन्हा देतात आणि संगणकही तेच उत्तर पुन्हा पुन्हा देतो. बाकीचे, 'हे आपल्याला जमणारे नव्हे' असे म्हणून खिडकी बंद करतात. वह्या कपाटातच राहतात. वास्तविक या अडण्यामागे तुमचे अज्ञान क्वचितच असते. तुम्ही कधी पाहिलीही नाही अशी एखादी कडी कोठेतरी तुटलेली असते, आणि ती कोणती हे शोधून काढता येते. कसे, ते पाहू या.

डबे भरून ठेवणारी आज्ञावली

संकेतस्थळे दोन तऱ्हांनी चालतात. एक तऱ्हा खानावळीसारखी. गिऱ्हाईक पाटावर बसले की पोळी तव्यावर पडते. तुम्ही पान मागितले की दूरवरचा संगणक त्याच क्षणी माहिती गोळा करून पान तयार करतो आणि तुमच्याकडे धाडतो. रेल्वेच्या आरक्षणाला हीच पद्धत हवी, कारण तेथील माहिती क्षणाक्षणाला बदलते. दुसरी तऱ्हा डबेवाल्या काकूंची. सकाळीच सगळे डबे भरून, झाकण लावून तयार. कोणी आला की डबा उचलून द्यायचा. पावसाची नोंद दिवसातून एकदाच होते, तेव्हा तिला हीच पद्धत सोयीची. अशा आधीच तयार करून ठेवलेल्या पानांच्या संकेतस्थळाला स्थिर संकेतस्थळ म्हणतात आणि ही पाने तयार करणाऱ्या आज्ञावलीला 'स्टॅटिक साइट जनरेटर'. तुम्ही साधा मजकूर लिहायचा, पानाची चौकट एकदाच ठरवायची. प्रत्येक मजकूर चौकटीत बसवून शेकडो पाने काढून देण्याचे काम ही आज्ञावली करते.

जेकिल ही अशीच एक आज्ञावली. टॉम प्रेस्टन-वर्नर या अमेरिकन प्रोग्रॅमरने ती २००८ साली प्रसिद्ध केली. ती 'रूबी' या संगणकभाषेत लिहिलेली आहे. रूबी ही जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांची भाषा. ती १९९५ साली लोकांसमोर आली. त्याआधी 'पर्ल' नावाची एक भाषा लोकप्रिय होती. पर्ल हा उच्चार मोत्याचा, म्हणून या भाषेला माणकाचे नाव मिळाले! साहजिकच रूबीतील तयार आज्ञावलींच्या गाठोड्यांना 'जेम' म्हणजे रत्ने म्हणतात.

डबेवाल्या पद्धतीत गिऱ्हाइकाच्या दारात काही बिघडत नाही, ही तिची मोठी सोय. पण स्वयंपाकघर आता तुमच्याकडे आले, हेही विसरू नका. चूल पेटत नसेल तर ती तुमच्याच घरी पेटत नाही.

आमटीपासून दगडफुलापर्यंत

आमटीच्या कृतीत लिहिलेले असते, 'गोडा मसाला दोन चमचे'. कृती लिहिणारी व्यक्ती तेवढेच लिहून पुढे जाते. पण गोडा मसाला करायचा तर धने, खोबरे, तीळ, नागकेशर आणि दगडफूल लागते. दगडफूल डोंगराळ भागातून येते, ते कोणीतरी गोळा करते, कोणी विकते. बाजारात दगडफूल मिळाले नाही तर अडते मसाल्याचे. मसाला नसला तर आमटीचे. आमटीच्या कृतीत मात्र दगडफुलाचे नावही नाही.

जेकिलचे नेमके असेच आहे. जेकिलच्या लेखकांनी सर्व कामे स्वतः केलेली नाहीत. साध्या मजकुराचे पान करण्याचे काम 'क्रॅमडाउन' या जेमकडे, चौकटी भरण्याचे 'लिक्विड'कडे, संगणकभाषेतील ओळी रंगवण्याचे 'रूझ'कडे. जेकिलची ४.३ ही आवृत्ती अशा सुमारे १५ जेमवर थेट विसंबून आहे. आज्ञावलीच्या या विसंबून राहण्याला संगणकाच्या परिभाषेत 'डिपेन्डन्सी' म्हणतात. त्या प्रत्येक जेमला पुन्हा आपापली जेम लागतात. एक साखळी उलगडून पाहू. तुम्ही मजकुरात बदल केला की जेकिलला ते आपोआप कळावे, यासाठी 'जेकिल-वॉच' हे जेम असते. ते 'लिसन' नावाच्या जेमवर अवलंबून. लिसनला लिनक्स प्रणालीवर फाइलींवर लक्ष ठेवण्यासाठी 'आरबी-आयनोटिफाय' लागते. आणि त्याला, रूबीतून सी भाषेतील आज्ञावलींशी बोलता यावे म्हणून, 'एफएफआय' लागते. जेकिलपासून एफएफआय चार पायऱ्या खाली आहे. तुमच्या तक्रारीत एफएफआयचे नाव का आले, ते आता कळले ना? ते तुमच्या आमटीतले दगडफूल आहे.

या साखळ्या किती नाजूक असतात, याचे एक उदाहरण दुसऱ्या एका भाषेच्या जगात घडले. २२ मार्च २०१६ रोजी एका प्रोग्रॅमरने जावास्क्रिप्ट भाषेच्या भांडारातून आपल्या सर्व आज्ञावली काढून घेतल्या. त्यांत 'लेफ्ट-पॅड' नावाची ११ ओळींची एक चिमुकली आज्ञावली होती. अक्षरांच्या डावीकडे मोकळी जागा भरणे एवढेच तिचे काम. पण ती कितीतरी साखळ्यांच्या तळाशी होती. जगभरचे मोठमोठे प्रकल्प काही तास बसेनासे झाले आणि शेवटी भांडाराच्या चालकांनी ती परत आणून ठेवली.

तक्रार वाचावी कशी?

आता तुमच्या पडद्याकडे वळू. जेम आणून बसवण्याचे काम 'बंडलर' नावाचा मुकादम करतो. तो आधी कोणत्या जेमची कोणती आवृत्ती हवी ते ठरवतो, मग ती भांडारातून आणतो, जरूर तेथे ती संगणकाच्या बोलीत उतरवून घेतो आणि जागच्या जागी ठेवतो. नंतर जेकिल चालू करायचे. यांतील कोणत्याही पायरीवर काम अडू शकते, आणि प्रत्येक पायरीची तक्रार निराळी असते.

नवशिक्याचे डोळे शेवटच्या ओळीवर खिळतात, कारण तीच समोर असते. बहुधा तेथे इतकेच लिहिलेले असते, की अमुक जेम बसवताना अडचण आली, आता बंडलरला पुढे जाता येत नाही. या ओळीतून अडलेल्या जेमचे नाव मिळते, कारण मिळत नाही. कारण वर असते. एका अडचणीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशा तक्रारी निघत जातात. डॉक्टर जसा तापाच्या आधी काय झाले हे विचारतो, तसे खिडकीतील ओळी वर सरकवत पहिल्या 'एरर' शब्दापर्यंत जावे. ती ओळ वहीत जशीच्या तशी उतरवून घ्यावी. उतरवताना ती वाचली जाते, हा त्यातला खरा फायदा. रूबीची व जेकिलची आवृत्ती कोणती, हेही तेथेच लिहावे. शिक्षकांनी प्रयोगवहीत यासाठी एक पान राखून ठेवायला हरकत नाही.

भांडारातून आणण्याच्या पायरीवर अडले तर तक्रारीत 'सर्टिफिकेट' किंवा 'कनेक्शन' असे शब्द दिसतात. इंटरनेट बंद असेल तर प्रश्नच नाही. पण इंटरनेट चालू, इतर संगणकांवर काम होते आणि एकाच संगणकावर सर्टिफिकेटची तक्रार येते, असे असेल तर आधी त्या संगणकाच्या कोपऱ्यातील तारीख पाहा. आपण खऱ्याच भांडाराशी बोलत आहोत ना, याची खात्री संगणक एका प्रमाणपत्रावरून करतो. त्या प्रमाणपत्राला 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. शाळेतल्या जुन्या संगणकात मुख्य पाटीवरचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. वीज गेली की त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. मग त्या संगणकाच्या मते भांडाराचे प्रमाणपत्र अजून सुरूच व्हायचे असते! संगणकशास्त्रातील मोठी वाटणारी ही अडचण 'सीआर २०३२' या जातीच्या एका सेलने सुटते.

बसवण्याची जागाच बंद असेल तर 'परमिशन' हा शब्द येतो. अनेक संगणकांत प्रणालीच्या स्वतःच्या वापरासाठी एक रूबी आधीच ठेवलेली असते. तिच्या कप्प्यात तुम्हाला काही ठेवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. यावर एक झटपट उपाय सर्रास सांगितला जातो: आज्ञेच्या आधी 'सुडो' हा शब्द टंकावा, म्हणजे संगणकाच्या मालकाच्या अधिकाराने काम होते. माझे मत विचाराल तर जेम बसवताना हा उपाय करू नये. जेम बसवणे म्हणजे नुसती फाइल आणून ठेवणे नव्हे. बसवतानाच त्या जेममधील काही आज्ञा तुमच्या संगणकावर चालवल्या जातात. त्या कोणी लिहिल्या हे तुम्हाला ठाऊक नसते. ऑगस्ट २०१९ मध्ये 'रेस्ट-क्लायंट' या जेमची देखभाल करणाऱ्या एका व्यक्तीचे खाते कोणीतरी बळकावले आणि त्या जेमच्या घातक आवृत्त्या भांडारात टाकल्या. अशा परक्या आज्ञांना घराच्या सगळ्या किल्ल्या का द्याव्यात? त्यापेक्षा जेम आपल्या स्वतःच्या कप्प्यात बसतील अशी सोय करावी. त्यासाठी 'जेम होम' नावाचा एक पत्ता संगणकाला सांगून ठेवता येतो. 'आरबीएनव्ही' सारख्या साधनाने स्वतःची वेगळी रूबीही बसवता येते.

जाता जाता एक साधी काळजी. ज्या फोल्डरमध्ये काम करायचे त्याचे नाव रोमन लिपीत आणि मध्ये मोकळी जागा न सोडता द्यावे. मजकूर अर्थातच मराठीत लिहा. तो 'यूटीएफ-८' या संकेतात जतन केला की जेकिलला देवनागरीचे काही वावडे नाही. वाटेतल्या सगळ्याच जुन्या साधनांबद्दल मात्र तसे सांगता येत नाही.

रूबीला सी भाषा कशाला?

लिनक्सवर सर्वांत जास्त विद्यार्थी जेथे अडतात ती पायरी आता आली. तक्रार सांगते: जेमचा 'नेटिव्ह' भाग बांधता आला नाही, आणि त्यावरच्या ओळीत असते, 'रूबी डॉट एच' ही हेडर फाइल सापडत नाही. विद्यार्थी चक्रावतो. रूबी तर बसवलेली आहे, आवृत्ती विचारली तर ती उत्तरही देते. मग रूबीची फाइल सापडत नाही म्हणजे काय?

हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. रूबीतील आज्ञा चालवताना एक दुभाषी त्या वाचतो आणि तेथल्या तेथे पार पाडतो. ही पद्धत लिहिणाऱ्याला सोयीची, पण वेगाने तोकडी. म्हणून काही जेमचे थोडे भाग सी किंवा सी++ भाषेत लिहिलेले असतात. एफएफआय त्यांतलेच, जेकिलला लागणारे 'इव्हेंटमशीन' हेही त्यांतलेच. सी भाषेतील मजकूर दुभाष्याकडून वाचून घेता येत नाही. तो आधीच, एकदाच, तुमच्या संगणकाच्या प्रक्रियकाला कळणाऱ्या बोलीत पूर्ण उतरवावा लागतो. हे काम कम्पायलर करतो, आणि अशी जेम बसवताना ते तुमच्याच संगणकावर व्हावे लागते. तेव्हा रूबीच्या कामासाठी निघालेल्या विद्यार्थ्याला सी भाषेचा कम्पायलरही घरात हवा!

पण कम्पायलर असूनही भागत नाही. हा सी भाषेतील भाग पुढे रूबीशी बोलणार आहे. रूबीमध्ये कोणकोणत्या क्रिया उपलब्ध आहेत, त्यांना काय द्यायचे आणि त्यांच्याकडून काय परत येते, हे कम्पायलरला ठाऊक हवे. ही यादी म्हणजेच हेडर फाइल. तिच्यात क्रिया कशी करायची हे नसते, फक्त तिला हाक कशी मारायची एवढे असते. दूरध्वनीच्या वहीत नावे आणि क्रमांक असतात, माणसे नसतात, तसे. नुसती रूबी वापरणाऱ्याला या वहीची गरज पडत नाही. म्हणून डेबियन, उबुंटू यांसारख्या लिनक्स प्रणाली जागा वाचवण्यासाठी रूबीचे दोन भाग करतात: एक चालवणाऱ्यांसाठी आणि दुसरा, 'रूबी-डेव्ह' नावाचा, बांधणाऱ्यांसाठी. तुमच्याकडे पहिला आहे, दुसरा नाही. एवढेच घडलेले असते.

उपायही सरळ आहे. उबुंटूवर 'रूबी-फुल', 'बिल्ड-इसेन्शियल' आणि 'झेडलिब'चा डेव्ह भाग ही तीन गाठोडी प्रणालीच्या भांडारातून बसवावीत. पहिल्यात हेडर फाइलींसह रूबी येते, दुसऱ्यात कम्पायलर व त्याची अवजारे. येथे मात्र 'सुडो' लागते, आणि ते चालते; कारण ही गाठोडी प्रणालीच्या राखणदारांनी तपासून, शिक्का मारून ठेवलेली असतात. त्यानंतर बंडलरची आज्ञा पुन्हा द्यावी. पाहा, आज्ञा तीच आहे. पण आता परिस्थिती बदललेली असल्यामुळे ती पुन्हा देण्याला अर्थ आहे.

३.३.५ मोठे की ३.३.२२?

आवृत्त्यांचे गणित हा सर्वांत मौजेचा भाग. प्रत्येक जेमच्या आवृत्तीला तीन आकड्यांची ओळख असते, उदाहरणार्थ ४.३.२. पहिला आकडा बदलला तर मोठा फेरफार, जुन्या सवयी मोडतील. दुसरा बदलला तर नव्या सोयी आल्या, जुने चालू राहील. तिसरा बदलला तर फक्त दुरुस्ती. हा संकेत नीट शब्दांत मांडण्याचे काम जेकिलच्याच कर्त्याने, प्रेस्टन-वर्नरने केले. सगळे लेखक तो काटेकोरपणे पाळतात असे नाही, ही गोष्ट वेगळी.

यातील टिंब दशांशचिन्ह नव्हे. दशांश अपूर्णांकांची सवय असलेला विद्यार्थी येथे हमखास फसतो. जेकिलची ३.१० ही आवृत्ती ३.९ नंतर आली, आधी नव्हे. प्रत्येक आकडा स्वतंत्र पूर्णांक समजून डावीकडून तुलना करायची. हा निव्वळ शाब्दिक खेळ नाही. उबुंटू २२.०४ या प्रणालीत रूबीची ३.०.२ ही आवृत्ती येते आणि तिच्यासोबत जेम हाताळणाऱ्या 'रूबीजेम्स'ची ३.३.५. इकडे २०२४ साली आलेल्या एफएफआय १.१७.० ला रूबीजेम्स ३.३.२२ किंवा त्यापुढची लागू लागली. तक्रार सरळ होती: हवी ३.३.२२, आहे ३.३.५. ती वाचून 'पाच दशांश बावीस शतांशांपेक्षा मोठेच की' असे जो म्हणेल, त्याला तक्रारच चुकीची वाटेल! २२ हे ५ पेक्षा मोठे, म्हणून आपली आवृत्ती जुनी. मग एफएफआयची आधीची १.१६.३ ही आवृत्ती नाव घेऊन मागितली की काम पुढे सरकते. नवी रूबी बसवणे हा दुसरा, अधिक टिकाऊ मार्ग.

तुम्हाला कोणती जेम हवी आहेत ते 'जेमफाइल' नावाच्या यादीत लिहायचे असते. तेथे '~> ४.३' असे लिहिले तर अर्थ होतो, ४.३ किंवा त्यापुढची कोणतीही चालेल, पण ५ नको. अशा अटी प्रत्येक जेमही आपल्याखालच्या जेमवर घालत असते. सर्वांच्या अटी एकाच वेळी पाळणाऱ्या आवृत्त्या शोधणे म्हणजे शाळेचे वेळापत्रक बसवण्यासारखे: गणिताच्या बाईंना पहिला तास हवा, प्रयोगशाळा एकच, आणि खेळाच्या सरांना उन्हाची वेळ नको. समजा १५ जेम आहेत आणि प्रत्येकाच्या १० आवृत्त्या. मग १० चा १५ वा घात इतक्या जुळण्या होतात. सेकंदाला दहा लाख जुळण्या तपासल्या तरी सर्व तपासायला १०० कोटी सेकंद, म्हणजे साडेएकतीस वर्षांहून अधिक काळ लागेल. बंडलर अर्थातच असे करत नाही. एखादी जुळणी का फसली याचे कारण तो लक्षात ठेवतो आणि त्याच कारणाने फसणाऱ्या सगळ्या जुळण्या एकदम वगळतो. या रीतीच्या एका सुधारलेल्या पद्धतीचे नाव 'पबग्रब'. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली आणि डिसेंबर २०२२ मधील बंडलर २.४ ने ती स्वीकारली. तिचा आणखी एक गुण असा, की जुळणी अशक्य असेल तर का अशक्य, हे ती पायरी-पायरीने सांगते: 'अ ला ब हवे, ब ला क ची जुनी आवृत्ती हवी, तुम्ही तर क ची नवी मागितली.' भूमितीतील सिद्धतेसारखी ही तक्रार असते; वाचली तर शेवटच्या ओळीतच उपाय दिसतो.

सगळे बसले, तरी चालेना

आता वेबरिकचे कोडे. सर्व जेम बसली, एकही तक्रार नाही. आणि 'जेकिल सर्व्ह' म्हणताच संगणक म्हणतो, 'वेबरिक' नावाची फाइल सापडत नाही. गंमत म्हणजे गेल्या वर्षी केलेले संकेतस्थळ जुन्या संगणकावर याच यादीने निमूट चालत होते.

वेबरिक ही तयार पाने आपल्याच संगणकावर पाहण्यासाठी लागणारी छोटी सेवा. ती वर्षानुवर्षे रूबीसोबतच येत असे, म्हणून जेकिलच्या यादीत तिचे नाव लिहिण्याची कोणाला गरज वाटली नाही. घरात मीठ असणारच, असे धरून सामानाच्या यादीत ते लिहीत नाहीत, तसे. २५ डिसेंबर २०२० रोजी रूबी ३.० आली आणि तीतून वेबरिक वेगळे काढून स्वतंत्र जेम करण्यात आले. ज्यांनी नवी रूबी बसवली त्यांच्या घरातले मीठ अचानक नाहीसे झाले. उपाय एका ओळीचा होता: यादीत वेबरिकचे नाव घालणे. २०२२ मध्ये जेकिल ४.३ ने ते स्वतःच्या यादीत घेतले.

डिसेंबर २०२४ मध्ये रूबी ३.४ आली तेव्हा तसेच पुन्हा घडले. या वेळी पाळी आली 'सीएसव्ही' आणि 'बेस६४' यांची. यांतील सीएसव्ही तर आपल्या कामाचे. पावसाच्या आकड्यांचा तक्ता वाचायला तेच लागते. ते रूबीसोबत अजूनही येते, पण आता वेगळे जेम म्हणून. आणि बंडलर यादीत नसलेले जेम दाखवतच नाही, मग ते शेजारच्या फळीवर असले तरी! जानेवारी २०२५ मधील जेकिल ४.४ ने ही नावे यादीत घातली.

मग कालचे काम आज मोडू नये म्हणून काय करावे? बंडलर यशस्वी झाला की 'जेमफाइल लॉक' नावाची एक फाइल लिहितो. जेमफाइलीत तुमची इच्छा असते. लॉकमध्ये प्रत्यक्षात काय बसले, तळापर्यंतच्या प्रत्येक जेमची नेमकी आवृत्ती, हे असते. ही फाइल मजकुरासोबत जपून ठेवावी आणि सोबत्याला देताना तीही द्यावी. मग त्याच्या संगणकावर त्याच आवृत्त्या येतात. रूबीचा आकडाही जवळ लिहून ठेवा, कारण मिठाचा डबा तिच्याकडे आहे. सोबत्याचा संगणक दुसऱ्या जातीचा असेल तर बंडलर त्या जातीचे नाव लॉकमध्ये घालण्यास सांगतो, आणि त्यासाठीची आज्ञाही तोच सुचवतो.

हा सारा खटाटोप नको असेल तर 'ह्यूगो' नावाची दुसरी आज्ञावली आहे. ती 'गो' भाषेत लिहिलेली असून तिचे सारे घटक तिच्या कर्त्यांनी आधीच एकत्र बांधून एकच फाइल केलेली असते. मसाला आमटीत घालूनच येतो. बसवणे सोपे; मात्र आतले एखादे जेम बदलून पाहावे म्हटले तर ती मोकळीक नाही.

कृती: जेकिल बसल्यावर लॉक फाइल साध्या संपादकात उघडा. त्यात प्रत्येक जेमच्या नावाखाली थोडे आत सरकवून त्याला लागणारी जेम लिहिलेली दिसतील. एका मोठ्या कागदावर जेकिल वर लिहून प्रत्येक जेमपासून त्याला लागणाऱ्या जेमकडे बाण काढत जा. एफएफआयपर्यंतची वाट शोधा. काही नावांपुढे आवृत्तीनंतर 'लिनक्स' किंवा 'डार्विन' असे शेपूट दिसेल. ती जेम तुमच्या जातीच्या संगणकासाठी आधीच कम्पाइल होऊन आली, त्यांना हेडर फाइल लागली नाही. लिनक्सवर आणि मॅकवर अशा दोन लॉक फाइली मिळाल्या, तर कोणती शेपटे बदलली ते शेजारी शेजारी ठेवून पाहा.